रेशमाचा धागा आणि दोन हजार तास

बारामतीजवळ ऑक्टोबर 2023 मध्ये चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने कोसळली, तेव्हापासून असे वृत्त आले की सुज्ञ वाचक इंजिनाचे ओव्हरहॉल केव्हा झाले होते हे प्रथम विचारतो, आणि ‘नुकतेच’ हे उत्तर मिळताच निश्चिंत होतो. माझी शंका तेथूनच सुरू होते.

सेस्ना 172 मध्ये आढळणाऱ्या चार सिलिंडरांच्या लायकमिंग इंजिनांना सर्वसाधारणपणे 2000 तासांची किंवा 12 वर्षांची मुदत असते. ती संपल्यावर इंजिन उकलतात, भाग मोजतात, झिजलेले बदलतात. खरी कसोटी त्यानंतरच्या जुळणीची. क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांमध्ये गॅस्केट घालता येत नाही, कारण त्याच्या जाडीने बेअरिंगांवरची पकड बिघडेल. म्हणून अत्यल्प सीलंट लावून त्यावर रेशमाचा एक बारीक धागा अंथरतात आणि तेल अडविण्याचा भरवसा त्याच्यावर ठेवतात. सिलिंडरच्या पायथ्याचे नट टॉर्क रेंचने ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळतात. परंतु नटाखाली रंगाचा पापुद्रा राहिला असेल, तर रेंचने त्या दिवशी दाखविलेला आकडा अचूक असूनही पुढे तो पापुद्रा दबतो, ताण उतरतो आणि सिलिंडर सैल होऊ शकतो. नोंदबहीत मात्र कसूर सापडत नाही.

या विषयाचा सर्वांत मार्मिक भाष्यकार मला यंत्रज्ञांत नव्हे, जीवशास्त्रज्ञांत सापडतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडसाठी काम करताना सी. एच. वॉडिंग्टन व त्यांचे सहकारी यांनी बिघाडांच्या नोंदी मांडून पाहिल्या, तेव्हा ठरावीक तासांच्या तपासणीनंतर लगेच बिघाड वाढतात आणि उड्डाणे होत जातील तसतसे ते उतरतात, असे दिसले. गर्भाची घडण अभ्यासणाऱ्या या गृहस्थांना, चालत्या रचनेत हात घालण्याची किंमत मोजावी लागते, हे पटवावे लागले नसावे.

मुदत पाळूच नये, असे माझे म्हणणे नाही. तथापि ज्या इंजिनाचे कॉम्प्रेशन उत्तम आहे व ज्याच्या तेलात धातूचे कण नाहीत, ते केवळ तारीख उलटली म्हणून उकलल्याने सुरक्षितता हमखास वाढते, असे मानणे भाबडेपणाचे आहे. आणि उकललेच, तर जुळणी करणाऱ्यानेच तपासनिसाची सही करू नये, व साध्या खनिज तेलावर इंजिन चालवावयाचे ते पहिले 50 तास संपेपर्यंत शिकाऊ विद्यार्थ्याला त्या विमानातून एकट्याने धाडू नये.