नफ्यावाचून औषध

औषध सापडले म्हणजे रोगी वाचला, असे आपण सहज समजतो. परंतु सापडलेले औषध रोग्याच्या खाटेपाशी पोहोचण्यास आणखी पुष्कळ काही लागते. अमेरिकेतील औषधशास्त्रज्ञ डॉ. व्हिक्टोरिया हेल ह्यांचे जीवनकार्य हीच गोष्ट आपणांस शिकविते.

हेलबाईंनी १९९० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील शाखेतून डॉक्टरेट मिळविली. पुढे औषधांना परवाने देणाऱ्या सरकारी खात्यात व नंतर जेनेनटेक ह्या बड्या कंपनीत त्यांनी काम केले. औषधे कशी तयार होतात हे त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिले, आणि कोणती तयार होत नाहीत हेही पाहिले. ज्या रोगाचे रोगी गरीब, त्यावर भांडवल खर्च करण्यास कोणी धजत नाही. हा कोणा एकाचा दुष्टपणा नव्हे. भागधारकांना लाभांश द्यावयाचा, तर गिऱ्हाईक पैसेवाले हवे, असा तो हिशेब आहे.

तो हिशेबच बदलावा म्हणून त्यांनी २००० साली ‘वनवर्ल्ड हेल्थ’ ही संस्था स्थापिली. ती औषधकंपनीच होती. मात्र तिला ना भागधारक, ना लाभांश. पैसा देणग्यांचा आणि काम शास्त्रज्ञांचे.

पहिला रोग निवडला तो बिहारमधील काळा आजार. वाळूमाशीच्या चाव्याने त्याचे जंतू शरीरात शिरतात. ताप हटत नाही, प्लीहा वाढते, आणि उपचार न झाल्यास रोगी बहुधा दगावतो. अँटिमनीची जुनी औषधे तेथे निष्प्रभ होत चालली होती. दुसरे औषध इस्पितळात राहून शिरेवाटे घ्यावे लागे. पॅरोमोमायसिन हे औषध १९५० च्या दशकापासून ठाऊक होते, परंतु ह्या रोगासाठी ते तडीस नेणारा धनी त्यास नव्हता. गेट्स फाउंडेशनच्या देणगीवर बिहारात ६६७ रोग्यांची चाचणी झाली. २१ दिवस रोज एक इंजेक्शन घेऊन शेकडा सुमारे ९५ रोगी बरे झाले. २००६ साली भारत सरकारने परवाना दिला. हे औषध हैदराबादच्या ग्लँड फार्माने तयार केले. एका रोग्यामागे औषधाचा खर्च दहा डॉलरांच्या आसपास येई.

२००९ साली हेलबाईंनी ‘मेडिसिन्स ३६०’ ही दुसरी संस्था काढली. तिने स्त्रियांसाठी संततिनियमनाचे साधन आणले. त्याविषयी ख्रिस्तसभेची भूमिका वेगळी आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. पहिली संस्था २०११ साली ‘पाथ’ ह्या मोठ्या संस्थेशी जोडली गेली. काळ्या आजारावर पुढे एकाच मात्रेत काम करणारे औषध आले व पॅरोमोमायसिन मागे पडले.

म्हणून ते श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. विद्या होती, औषध होते, रोगीही होते. नव्हता तो केवळ ह्या तिघांची गाठ घालून देणारा. ते काम नफ्यावाचूनही होऊ शकते, हे एका बाईने करून दाखविले. गरिबाचे दुखणे बाजाराच्या हिशेबात बसत नाही, एवढ्यावरून त्यास असाध्य म्हणण्याचा अधिकार आता कोणास उरला नाही.