ससा, श्वान आणि बैल: परीक्षेच्या तीन रीती

सशांचें प्रदर्शन आणि श्वानांचें प्रदर्शन, दोहोंत स्पर्धा सारखीच; परीक्षा मात्र भिन्न. ससा मेजावर ठेवून परीक्षक त्याच्या केसांत फुंकर घालतो, अंगावरून हात फिरवितो, दांत व नखें तपासतो. सशानें केवळ स्वस्थ बसावें. श्वानास मालकासह रिंगणांत धांवावें लागतें. तेथें चाल व स्वभावहि पाहतात.

इ. स. १८५९ मध्यें इंग्लंडांत न्यूकॅसल येथें श्वानप्रदर्शन भरलें, तेव्हां त्यांत केवळ शिकारी जातींचे कुत्रे होते. पुढें कामाचा विसर पडून रूपच उरलें. चपट्या नाकाच्या बुलडॉगास श्वास पुरेना. लोंबत्या कानांच्या सशांस कर्णविकार जडूं लागले.

आमच्या शहापूर-मुरबाडकडील शेतकरी पौष पौर्णिमेस म्हसा येथील जत्रेंत बैल पारखतो, तेव्हां तो दांत पाहतो, कातडीवरून हात फिरवितो आणि चालवूनहि पाहतो. दोन्ही परीक्षा त्यानें एकत्र केल्या आहेत. प्रदर्शनांत परीक्षक चुकला तर एक चषक भलत्याच्या घरीं जातो. येथें पारख चुकली तर भाताची लावणी खोळंबते. म्हणून तो रूपावर भाळत नाहीं. हौशी मंडळींनीं, आमच्या मतें, एवढें तरी त्याच्यापासून शिकावें.