कुलूप पडलेली वही

समजा, नेसरीच्या बाजारात एका गड्याचे किराणा दुकान आहे. पूर्वी त्याची उधारी लाल वहीत असे. आता ती संगणकात असते. कुणाचे किती येणे, कुणी किती दिले, सारे यंत्र सांगते. यंत्राला हा हिशेब शिकवणारी जी चीज आत भरलेली असते, तिला सॉफ्टवेअर म्हणतात. दुकानदाराने तीन वर्षांचे पैसे एकदम भरून ते घेतले. पावतीही आहे.

एके दिवशी सकाळी पडद्यावर अक्षरे उमटली : "आणखी पैसे भरा, नाहीतर हिशेब बंद." मुदत संपायला अजून दीड वर्ष होते. वहीच कुलपात गेली! आता करायचे काय?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. सॉफ्टवेअर विकत घेतले असे आपण म्हणतो. पण बैल घेतला की तो जसा आपला होतो, तसे ते होत नाही. आपल्याला मिळतो तो वापरण्याचा परवाना. खंडाने शेत घ्यावे तसेच हे. शेत मालकाचे, पीक आपले. मालकाने ठरलेला खंड खुशाल घ्यावा. पण उभ्या पिकात येऊन "दुप्पट दे, नाहीतर कापणी करू देणार नाही" म्हणणे कुणाला पटेल? सॉफ्टवेअर कंपनीचे खरे, पण आत लिहिलेली उधारी दुकानदाराची.

कंपनी म्हणेल, "तुम्हीच 'मान्य' हे बटण दाबलेत." खरे आहे. एवढ्या लांबलचक अटी कोण वाचतो? आम्हीही वाचत नाही, हे कबूल केलेले बरे. पण बटण दाबले म्हणून कायदा संपत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्यात 'अन्याय्य करार' म्हणजे काय ते लिहिले आहे. सबळ कारण नसताना एकट्याच्या मर्जीने करार मोडणे, नुकसानीच्या मानाने भलताच दंड लावणे, ग्राहकाला अडचणीत आणणारा अवाजवी आकार किंवा अट लादणे, या गोष्टी त्यात येतात.

मोठ्या कंपनीपुढे आपले काय चालणार, असे पुष्कळांना वाटते. तर व्हॉट्सॲपचे उदाहरण पाहा. २०२१ मध्ये त्यांनी नवी अट घातली. आपली माहिती त्यांच्याच मालकाच्या दुसऱ्या कंपन्यांना देण्यास मान्यता द्या, नाहीतर व्हॉट्सॲप सोडा. २०१६ मध्ये नको म्हणण्याची सोय होती, ती आता काढली. दिल्लीच्या भारतीय स्पर्धा आयोगाने स्वतःहून चौकशी लावली. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्या मेटा या मालक कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला. कंपनी अपिलात गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाची एक बंदी उठवली, पण दंड कायम ठेवला.

मात्र हा आयोग बड्या कंपन्यांची दांडगाई पाहतो. आपल्या दुकानदाराचे पैसे परत मिळवायचे, तर वाट ग्राहक आयोगाची. "मी तर व्यापारी, ग्राहक कसा?" असे तो विचारील. स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा कायद्याने ग्राहकच आहे.

एवढे मात्र ध्यानात ठेवा. मुदत संपल्यावर पुढच्या वर्षाचा दर वाढवला, तर तेवढ्याने तो अन्याय ठरत नाही. आणि सॉफ्टवेअरची चोरीची प्रत वापरत असाल, तर तक्रार करायला जाऊच नका. तो आपलाच गुन्हा आहे.

प्रथम १९१५ या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी ग्राहक मदतवाणी आहे. मराठीत बोलता येते. पुष्कळदा इथेच काम होते. नाही झाले, तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी. कंपनी बंगळूरची का असेना, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील हवाच असेही नाही. 'ई-जागृती' या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज जातो. करारातली अटच रद्द करून हवी असेल, तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते.

त्याआधी कंपनीला पत्र धाडावे. ते असे :

"मी अमुक तारखेला तीन वर्षांचे इतके रुपये भरून आपले सॉफ्टवेअर घेतले. मुदत अमुक तारखेपर्यंत आहे. आपण मध्येच जादा पैसे मागून माझा हिशेब बंद केला आहे. पंधरा दिवसांत तो सुरू करावा व माझ्या नोंदी मला द्याव्यात. न केल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन."

खाली सही करावी. पावतीची नक्कल आणि पडद्यावरच्या मजकुराचा फोटो जोडावा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावी. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि ती पडद्यावर ती अक्षरे उमटली त्या दिवसापासून मोजतात.