ट्रॅक्टरवरील कामाचे दिवे

सूर्यास्तानंतर किंवा पहाटेच्या अंधारात शेतकाम करता यावे म्हणून ट्रॅक्टरच्या मूळ दिव्यांखेरीज त्यावर बसविलेल्या दिव्यांना कामाचे दिवे म्हणतात. ट्रॅक्टरचे पुढील दोन दिवे मुख्यतः रस्त्यासाठी योजलेले असतात व त्यांचा झोत पुढे पडतो. शेतकामात मात्र ज्यावर नजर ठेवावयाची ते पेरणी यंत्र, वखर किंवा मळणी यंत्र बहुधा ट्रॅक्टरच्या मागे असते. मागील व बाजूची जागा उजळणे हे या जादा दिव्यांचे प्रमुख कार्य होय. दिवा बसविणे वरवर सोपे दिसते. परंतु १५ ते २५ अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरवर वीज मर्यादित असते आणि चुकीच्या जोडणीमुळे बॅटरी निकामी होण्यापासून पिकास आग लागण्यापर्यंत हानी होऊ शकते. म्हणून दिव्याच्या निवडीआधी विजेचा हिशेब व तारांची योजना करणे आवश्यक ठरते.

वाशीम जिल्ह्यातील गरज : अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. येथील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असून सोयाबीन व तूर ही खरिपाची, तर हरभरा व गहू ही रब्बीची महत्त्वाची पिके आहेत. सोयाबीनची कापणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये येते आणि हाच परतीच्या पावसाचा काळ असतो. कापलेले पीक सुडी रचून ठेवतात. सुडीत पाणी शिरल्यास दाणे डागळतात, प्रसंगी त्यांना कोंब फुटतात. उलट, पीक शेतात उभेच राहू दिल्यास शेंगा तडकून दाणे गळतात. शिवाय जमिनीतील ओल उडून जाण्यापूर्वी हरभऱ्याची पेरणी साधावयाची असते. अशा रीतीने कापणी, मळणी, नांगरट वा वखरणी व पेरणी ही कामे थोड्या दिवसांत एकवटतात. ऑक्टोबरच्या मध्यास येथे सायंकाळी सु. ६ वाजता सूर्यास्त होत असल्याने काम अंधारात ओढले जाते.

पूर्वी खळ्यावर बैलांची पात धरून मळणी होई आणि रात्री कंदील किंवा गॅसबत्ती पुरे. यंत्राच्या फिरत्या भागांजवळ तेवढा उजेड पुरत नाही. मात्र दिव्यांमुळे सबंध रात्र कामी येते असे नाही. रात्र चढते तसे दव पडून शेंगा व काड नरम होतात, ते यंत्रात गुंडाळले जाते व दाणे शेंगेतच राहण्याचे प्रमाण वाढते. म्हणून सोयाबीनच्या मळणीत दिव्यांचा खरा लाभ सूर्यास्तानंतरच्या तीनचार तासांचा असतो. पेरणी व वखरणी यांना ही मर्यादा नाही.

सोयाबीन व तुरीच्या ओळींमधून चालू शकणाऱ्या लहान ट्रॅक्टरांचा वापर विदर्भात गेल्या काही वर्षांत वाढला आहे. महिंद्र कंपनीचा १५ अश्वशक्तीचा, एक सिलिंडराचा युवराज २१५ हे त्याचे एक उदाहरण होय. अशा ट्रॅक्टरावर डवरणी, पेरणी, फवारणी, हलकी वाहतूक व लहान मळणी यंत्र चालविणे ही कामे होतात [⟶ ट्रॅक्टर].

दिव्यांचे प्रकार : साध्या तंतुदीपात टंगस्टनाची तार तापून प्रकाश देते, परंतु टंगस्टनाची वाफ काचेवर बसून दिवा हळूहळू काळवंडतो. हॅलोजन दिव्यात आयोडीन किंवा ब्रोमीन यांच्या योगाने ही वाफ पुन्हा तंतूकडे परतते. या क्रियेसाठी काचकुपीच्या भिंतीचे तापमान सु. २५०° से. हून अधिक राहावे लागते. मोटारगाड्यांत असे दिवे १९६० नंतरच्या दशकात आले. दर वॉटमागे त्यांपासून सु. २० ते २५ ल्यूमेन प्रकाश मिळतो.

प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ, म्हणजे एलईडी, या प्रकारात अर्धसंवाहकातून वीज जाताना थेट प्रकाश निर्माण होतो. निळा प्रकाश देणाऱ्या कार्यक्षम द्विप्रस्थामुळे पांढरे दिवे करणे शक्य झाले; या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. कामाच्या चांगल्या एलईडी दिव्यापासून दर वॉटमागे सु. ८० ते १०० ल्यूमेन मिळतात. म्हणजे ५५ वॉटच्या हॅलोजन दिव्याइतका किंवा त्याहून थोडा अधिक प्रकाश २० वॉटचा एलईडी दिवा देतो. वेष्टनावर छापलेला वॉटचा आकडा मात्र पुष्कळदा फुगविलेला असतो. दिव्यात जाणारा प्रवाह अँपिअरमापकाने मोजून त्यास दाबाने गुणल्यास खरी शक्ती समजते.

झोताच्या दृष्टीने दिव्यांचे पसरट व एकवट असे दोन प्रकार पडतात. अवजार व खळे उजळण्यास पसरट झोत, तर तासाचा दूरचा शेवट दिसण्यास एकवट झोत उपयोगी पडतो. धूळ व पाणी यांपासून संरक्षण दर्शविणारा आयपी ६७ हा अंक असलेला दिवा धुळीस पूर्णपणे अभेद्य असतो व १ मी. खोल पाण्यात अर्धा तास बुडाला, तरी टिकतो.

विजेचा हिशेब : लहान ट्रॅक्टरची विद्युत् यंत्रणा सामान्यतः १२ व्होल्टची असते. एंजिन चालू असताना प्रत्यावर्तक (वीज निर्माण करणारे यंत्र) दिव्यांना वीज पुरवितो आणि उरलेल्या विजेने बॅटरी भारित करतो. उदाहरणार्थ, प्रत्यावर्तकाची क्षमता ३५ अँपिअर आहे असे मानू. मूळ दिव्यांना सु. ७ अँपिअर लागतात. ५५ वॉटचे चार हॅलोजन दिवे जोडल्यास त्यांना सु. १८ अँपिअर लागतील व एकूण भार २५ अँपिअर होईल. एंजिन नुकतेच सुरू केले असता बॅटरी पुन्हा भरण्यास आणखी ५ ते १० अँपिअर लागतात. म्हणजे क्षमता संपत येते. त्यातच प्रत्यावर्तक पूर्ण प्रवाह फक्त पुरेशा वेगावर देतो. एंजिन मंद गतीने फिरत असता त्याचे उत्पादन बरेच घटते व तूट बॅटरीतून भरली जाते. त्याऐवजी २० वॉटचे चार एलईडी दिवे वापरल्यास सु. ७ अँपिअर पुरतात व एकूण भार १४ अँपिअरच होतो.

एंजिन बंद करून दिवे चालू ठेवणे अहितकारक असते. ५० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीवर दोन हॅलोजन दिवे सु. ९ अँपिअर प्रवाह घेतात. हिशेबाने ही बॅटरी पाच तासांहून अधिक चालावी. परंतु निम्मी रिकामी होताच आरंभक मोटर एंजिन फिरविण्यास असमर्थ होऊ लागते. म्हणजे अडीचपावणेतीन तासांत ट्रॅक्टर शेतातच अडकून पडण्याचा संभव असतो.

जोडणीनंतर सर्व दिवे लावून व एंजिन कामाच्या वेगावर ठेवून बॅटरीच्या टोकांमधील दाब मोजावा. तो १३·५ ते १४·५ व्होल्ट असल्यास पुरवठा पुरेसा समजावा. १२·६ व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरी रिकामी होत आहे असे जाणावे आणि भार कमी करावा.

तारा व संरक्षण : कमी दाबाच्या यंत्रणेत प्रवाह मोठा असल्याने तारेतील रोध महत्त्वाचा ठरतो. दिव्यापर्यंतचे अंतर ५ मी. असल्यास जाण्यायेण्याची तार १० मी. होते. १·५ चौ. मिमी. छेदाच्या अशा तांब्याच्या तारेतून दोन हॅलोजन दिव्यांचा प्रवाह जाताना सु. १ व्होल्ट दाब वाया जातो आणि त्यामुळे प्रकाश जवळजवळ एक चतुर्थांशाने घटतो. २·५ चौ. मिमी.च्या तारेत ही दाबघट सु. ०·६ व्होल्ट, तर ४ चौ. मिमी.च्या तारेत सु. ०·४ व्होल्ट होते. यावरून, अंधूक दिव्याऐवजी अधिक शक्तीचा दिवा घेण्यापूर्वी तार जाड करून पाहणे योग्य ठरते.

दिव्यांचा सर्व प्रवाह चालकाजवळील लहान बटणातून नेऊ नये. त्याचे संपर्क जळतात. त्यासाठी रिले वापरतात. बटणातून फक्त रिलेच्या वेटोळ्याचा एकपंचमांश अँपिअरच्या आसपासचा प्रवाह जातो व दिव्यांचा मोठा प्रवाह रिलेचे संपर्क सांभाळतात. प्रचलित रिलेवर ८५ व ८६ ही वेटोळ्याची टोके असतात. ३० या टोकास बॅटरीकडील तार व ८७ या टोकास दिव्यांकडील तार जोडतात. वेटोळ्यास किल्लीच्या मंडलातून वीज दिल्यास किल्ली काढताच दिवे मालवतात व ते चुकून चालू राहत नाहीत.

प्रत्येक जादा मंडलात वितळतार, म्हणजे फ्यूज, हवीच. वितळतारेचे कार्य दिव्याचे नव्हे, तर तारेचे संरक्षण करणे हे होय. म्हणून ती बॅटरीच्या धन टोकापासून शक्य तितकी जवळ, सु. २० ते ३० सेंमी.च्या आत असावी. बॅटरी व वितळतार यांमधील तारेस कोणतेही संरक्षण नसते. सु. ९ अँपिअरच्या भारास १५ अँपिअरची वितळतार व ती सहन करणारी २·५ चौ. मिमी.ची किंवा अधिक जाड तार योग्य होय. वितळतार वारंवार जात असल्यास तीऐवजी मोठी वितळतार किंवा साधी तार घालणे अत्यंत धोक्याचे असते. दोष शोधून काढणे हाच उपाय होय.

जागा व दिशा : मागील कामासाठी दोन दिवे चाकांवरील पंख्यांवर किंवा छताच्या मागील कडेस, एकमेकांपासून शक्य तितके दूर बसवितात. एकच दिवा असल्यास चालकाची वा मजुराची सावली नेमकी कामाच्या जागी पडते; दोन्ही बाजूंनी प्रकाश आल्यास एकाची सावली दुसरा पुसून काढतो. दिवा चालकाच्या डोळ्यांच्या अगदी जवळ असू नये. कारण मळणीच्या वेळी उडणाऱ्या धुळीवरून प्रकाश उलटा परततो व धुक्यात होते तशी दृष्टी झाकोळते. फार निळसर प्रकाश टाळावा. त्याकडे कीटकही अधिक येतात. उलटण्यापासून संरक्षण देणारी चौकट असल्यास तीस भोके पाडू नयेत; त्यामुळे तिचे बळ घटते. दिवे पट्टीच्या पकडीने आवळावेत.

बसविण्याची रीत : प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे व सर्व काम झाल्यावर तेच शेवटी जोडावे. धन टोक आधी सोडविताना पाना ट्रॅक्टरच्या सांगाड्यास टेकल्यास मोठी ठिणगी पडते. तारा लवचिक नळीतून न्याव्यात आणि धुराडे, पंखा, सुकाणूचे सांधे व उचल-दांडे यांपासून दूर बांधाव्यात. पत्र्याच्या भोकातून तार नेताना रबरी कडी घालावी. परतीची वाट रंगविलेल्या पत्र्यातून न ठेवता स्वतंत्र तारेने बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी. एलईडी दिव्याची धन व ऋण टोके उलट जोडू नयेत.

अपघात व आग : मळणी यंत्रात पेंढी सारताना हात सापडण्याच्या अपघातांमुळे भारतात धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम, १९८३ संमत झाला. रात्री थकवा व अपुरा उजेड यांमुळे हा धोका वाढतो. म्हणून पेंढी सारण्याचे तोंड व ट्रॅक्टरची शक्ती यंत्राकडे नेणारा फिरता दांडा ही दोन स्थाने सर्वांत आधी उजळली पाहिजेत. दांड्यावरील आवरण मात्र उजेड कितीही असला, तरी काढू नये. सैल कपडे, उपरणे वा पदर त्यात क्षणार्धात ओढला जातो [⟶ मळणी यंत्रे].

आगीचा धोका तितकाच गंभीर आहे. सोयाबीनचे वाळलेले कुटार दिव्यावर, प्रत्यावर्तकावर व धुराड्याभोवती साचते. तप्त हॅलोजन दिवा किंवा उघड्या पडलेल्या तारेची ठिणगी त्यास पुरेशी होते. शेजारी सुडी असल्यास सबंध हंगामाचे उत्पन्न व ट्रॅक्टर ही दोन्ही जळून जाऊ शकतात. सुडी व ट्रॅक्टर यांत अंतर राखणे, कुटार वरचेवर झाडणे आणि जवळ पाणी किंवा वाळू ठेवणे ही खबरदारी आवश्यक होय.

रस्त्यावरील निर्बंध : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये वाहनाच्या पुढील भागी झोतदिवा वा शोधदिवा बसविण्यास, अपवादात्मक स्थितीत नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीखेरीज, मनाई आहे. तसेच नोंदणी क्रमांक उजळणारा दिवा, मागे सरकताना लागणारा दिवा इ. अपवाद वगळता मागच्या बाजूस तांबड्याखेरीज अन्य प्रकाश दाखविता येत नाही. मागून येणाऱ्यास पांढरा दिवा दिसल्यास ट्रॅक्टर आपल्याकडे येत आहे असा भास होतो व प्रखर झोताने डोळे दिपून बिनदिव्याची ट्रॉली दिसतच नाही. यास्तव बांध ओलांडून रस्त्यावर येण्यापूर्वी कामाचे दिवे मालवावेत. त्यांचे बटण मूळ दिव्यांपासून वेगळे ठेवल्यास हे सहज साधते. ट्रॉलीस मागे तांबडे परावर्तक लावणे हितावह असते.

निगा : हंगामापूर्वी पकडी आवळाव्यात, बॅटरीची टोके घासून त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी व तारांची पाहणी करावी. गोठ्यात किंवा कोठारात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या तारा उंदीर कुरतडतात. आवरण गेलेली तार चिकटपट्टीने न झाकता बदलणे श्रेयस्कर असते. काचेवरील धुळीचा थर प्रकाश बराच घटवितो. म्हणून रोज काम सुरू करण्यापूर्वी, दिवे थंड असताना, काचा पुसाव्यात.