कर्नलची गोधडी

डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात अपडेट घेताना यादीत अधूनमधून ‘लिनक्स-इमेज’ नावाची ओळ दिसते, ती कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची. बाकीच्या पॅकेजांसारखीच ती उतरते आणि बसते, फक्त लागू व्हायला संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. बहुतेकांचा कर्नलशी संबंध एवढाच येतो. पण मेमरी कोणत्या प्रोग्रामला किती द्यायची, डिस्कवर काय कुठे लिहायचं, वायफायच्या चिपशी कसं बोलायचं, हे सगळं कर्नल ठरवतो. तो बिघडला तर वरचं काहीच धड चालत नाही. त्यामुळे हे पॅकेज सांभाळणाऱ्यांचं काम जोखमीचं आहे, आणि ते कसं चालतं हे वापरणाऱ्याला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मुख्य प्रवाह आणि स्टेबल शाखा

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडच्या मुख्य प्रवाहात दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती निघते. पहिले दोन आठवडे नवं काम आत घेतलं जातं, उरलेले आठवडे फक्त दुरुस्त्यांचे. पण खरे बग आवृत्ती बाहेर पडल्यावरच सापडायला लागतात, कारण आता ती हजारो तऱ्हेच्या यंत्रांवर चालू लागते. त्यासाठी मार्च २००५मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी स्टेबल शाखा सुरू केली. २.६.११.१ हे तिचं पहिलं फळ.

या शाखेचे नियम थोडके आहेत. पॅचने, म्हणजे दुरुस्तीच्या तुकड्याने, लोकांना होणारा खरा त्रास दूर केला पाहिजे. तो लहान हवा, आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींच्या आत. आणि तो आधी मुख्य प्रवाहात गेलेला असला पाहिजे. मला हा शेवटचा नियम सगळ्यांत मोलाचा वाटतो. दुरुस्ती फक्त जुन्या आवृत्तीत केली आणि नव्यात करायची राहिली, तर पुढच्या वर्षी तोच बग नव्या घरात पुन्हा हजर होतो.

काही आवृत्त्या दीर्घकाळ सांभाळल्या जातात. डिसेंबर २०२२ची ६.१ त्यांपैकी एक. जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२ने तीच घेतली, तर ऑगस्ट २०२५च्या डेबियन १३ने ६.१२ घेतली. ६.१च्या स्टेबल आवृत्त्यांनी जुलै २०२४मध्ये शंभरी गाठली. ‘स्टेबल’ म्हणजे हात न लावलेलं, असा समज असेल तर तो इथे टिकत नाही.

आकडे कसे वाचायचे

डेबियनमध्ये पॅकेजचा आकडा ६.१.७६-१ असा दिसतो. ७६ हा स्टेबल शाखेचा क्रमांक, आणि आडव्या रेघेनंतरचा १ डेबियनचा स्वतःचा. हा शेवटचा आकडा किती कामाचा आहे ते मार्च २०२२मध्ये दिसलं. ‘डर्टी पाइप’ नावाचा दोष ७ मार्चला जाहीर झाला. साध्या वापरकर्त्याला, ज्या फाइली फक्त वाचायची परवानगी आहे, त्यांत लिहिता येत होतं, म्हणजे पुढे पूर्ण ताबा घेता येत होता. स्टेबल शाखेत दुरुस्ती ५.१०.१०२मध्ये आलेली होती, पण डेबियन ११ तेव्हा ५.१०.९२वर होतं. दहा आवृत्त्यांची उडी न मारता मेंटेनरांनी ९२चाच पाया ठेवून नेमके लागतील तेवढे पॅच वर बसवले आणि ५.१०.९२-२ बाहेर काढली.

‘युनेम -आर’ ही आज्ञा दिली की मात्र डेबियन १२वर ६.१.०-१८ असं काहीतरी वेगळंच दिसतं. इथला १८ कर्नलच्या आतल्या जोडणीचा क्रमांक आहे. ग्राफिक्स कार्डाचे काही ड्रायव्हर बाहेर तयार होतात आणि कर्नलच्या आतल्या रचनेला चिकटून बसतात. रचना बदलली की जुना ड्रायव्हर जुळत नाही. म्हणून हा आकडा वाढवतात, पॅकेजचं नावच बदलतं, आणि नवा कर्नल जुन्याला न पुसता त्याच्या शेजारी बसतो. डेबियन १३मध्ये नावातच खरा आकडा येतो, ६.१२.४१+डेब१३ असा. हा बदल चांगला झाला, कारण आधीच्या पद्धतीने भलेभले गोंधळत.

ठिगळांची ओळ

पॅच म्हणजे ठिगळच. ते सांभाळायचं जे साधन डेबियनचे मेंटेनर वापरतात, त्याचं नाव ‘क्विल्ट’, म्हणजे गोधडी. पॅकेजमध्ये ‘पॅचेस’ नावाची एक फोल्डर असते, आणि तिच्यात ‘सीरीज’ नावाची एक साधी मजकूर-फाइल. तिच्यात एका ओळीवर एका पॅचचं नाव. वरून खाली याच क्रमाने ठिगळं बसतात. क्रम चुकला तर खालचं ठिगळ बसत नाही.

एखादी पॅच-फाइल उघडून पाहा. वर बग काय, दुरुस्ती कोणाची, कुठून आणली याची नोंद. मग प्रत्यक्ष बदल: उणे चिन्हाची ओळ काढायची, अधिक चिन्हाची ओळ घालायची, आणि आगेमागे बहुधा तीन-तीन न बदललेल्या ओळी, जागा ओळखायला. स्टेबलची नवी आवृत्ती आली की ही ठिगळांची ओळ पुन्हा तपासावी लागते. काही ठिगळं आता मूळ कापडातच विणली गेलेली असतात, ती काढून टाकायची. काहींच्या आजूबाजूच्या ओळी सरकलेल्या असतात, ती उसवून पुन्हा शिवायची.

धोका असतो तो न अडखळता बसलेल्या ठिगळात. साधन फक्त शेजारच्या ओळी जुळतात का ते पाहतं, अर्थ जुळतो का ते पाहत नाही. गोधडी शिवणारीला माहीत असतं की ठिगळ कितीही नवंकोरं असलं तरी खालचं कापड धड हवं.

डिसेंबर २०२३

९ डिसेंबर २०२३, शनिवार. डेबियन १२.३ बाहेर पडायचा दिवस. तिच्यात कर्नल होता ६.१.६४-१. त्याच दिवशी लक्षात आलं की या कर्नलमध्ये एक्स्ट४ फाइलप्रणालीवरचा डेटा खराब होऊ शकतो. डेबियनवर नेहमी वापरली जाणारी फाइलप्रणाली हीच.

झालं होतं असं. एक्स्ट४मध्ये थेट डिस्कवर लिहिण्याच्या एका पद्धतीत छोटी चूक होती, आणि मुख्य प्रवाहात तिच्यासाठी एक चोख पॅच आला. तो पॅच आणखी एका बदलावर अवलंबून होता. लिहून झाल्यावर फाइलमधली जागा कधी पुढे सरकवायची, याबद्दलचा तो बदल ६.५मध्ये होऊन गेला होता. नव्या कर्नलमध्ये दोन्ही असल्याने सगळं ठीक. ६.१च्या स्टेबल शाखेत मात्र एक्स्ट४चा पॅच तेवढा आला, तो ज्यावर अवलंबून होता तो बदल आलाच नाही. ओळी जुळल्या, ठिगळ बसलं, कर्नल बांधलाही गेला. पण त्या पद्धतीने लिहिणाऱ्या प्रोग्रामांसाठी फाइलमध्ये कुठपर्यंत लिहून झालं हा हिशोब चुकू लागला.

डेबियनने १२.३ थांबवली आणि वापरकर्त्यांना अपडेट घेऊ नका असं कळवलं. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, ६.१.६६-१ हा कर्नल घेऊन १२.४ आली. पुढे ६.१.६६मध्ये काही यंत्रांवर वायफाय अडकू लागलं, आणि त्याला कारण झालेला पॅच ६.१.६७मध्ये मागे घ्यावा लागला. डेबियनच्या मेंटेनरांनी ते दिवस कसे काढले असतील याची मला कल्पना येते. एका दिवसात सगळ्या प्रोसेसरांसाठी कर्नल बांधून, सिक्युअर बूटसाठी सही करून, नव्या प्रतिमा तयार करणं ही सोपी गोष्ट नव्हे.

निवडून घ्यावं की सगळंच?

हा प्रसंग दाखवून काही जण म्हणतात, स्टेबलचे सगळे पॅच डोळे झाकून घेऊ नका, हवे तेवढेच निवडा. निवडण्याची वाट आहेच. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ हे ५.१४वर उभं आहे आणि त्या पायावर पगारी अभियंत्यांची मोठी फळी हवं ते मागे आणून बसवते. डेबियनची कर्नल टीम लहान आहे, मुख्यतः स्वयंसेवकांची.

माझं मत सगळं घेण्याच्या बाजूचं आहे. एक तर यातला कोणता पॅच सुरक्षेचा आणि कोणता साधा, हे आधी सांगता येत नाही. फेब्रुवारी २०२४पासून कर्नल प्रकल्प सुरक्षा-दोषांना स्वतःच क्रमांक देतो, आणि ते वर्षाला हजारोंच्या घरात जातात. एवढे हाताने चाळणार कोण? दुसरं, डिसेंबरचा अपघात निवडीतूनच घडला होता: जोडीतला एक आला, एक राहिला. पायरीगणिक आणखी निवडत गेलं तर अशा फुटलेल्या जोड्या वाढतील. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवर बेतलेली आहे, म्हणजे हा निर्णय डेबियनच्या वापरकर्त्यांपुरता उरत नाही.

तुमच्या हातात काय आहे

अपडेट घेतल्यावर संगणक पुन्हा सुरू करा. तोवर दुरुस्त कर्नल डिस्कवर असतो, मेमरीत जुनाच चालू असतो. आधीचा चालणारा कर्नल काढू नका. नवा अडला तर सुरुवातीच्या ग्रब मेनूतल्या प्रगत पर्यायांतून तोच तुम्हाला परत कामाला लावतो. बूटचं पार्टिशन वेगळं आणि लहान असेल तर त्यात जागा आहे ना ते पाहा.

आणि नव्या कर्नलवर काही बिघडलं तर ‘रिपोर्टबग’ वापरून कळवा. नुसतं ‘चालत नाही’ लिहू नका. ‘युनेम -ए’ चालवून शेवटचा नीट चालणारा आकडा आणि पहिला बिघडलेला आकडा, असे दोन्ही द्या. त्या दोहोंमध्ये चारशे पॅच असले, तरी दर वेळी निम्मे बाजूला काढत गेलं की नऊ फेऱ्यांत दोषी पॅच हाती लागतो.