एका पॉइंटाचा हिशेब

करवीर, कागल, राधानगरी, भुदरगड, कुठल्याही तालुक्यातल्या गावात संध्याकाळी दूध संस्थेच्या दारात उभं राहिलं, की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो : "फॅट किती लागली?" दूध किती लिटर आहे ते घरून निघतानाच माहीत असतं. फॅटचा आकडा मात्र संस्थेतच कळतो आणि दहा दिवसांनी मिळणाऱ्या बिलाचा दर त्याच्यावर ठरतो. आपल्याकडे म्हशीच्या दुधाचा भाव ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारे घन पदार्थ, धरून बांधलेला असतो. त्याच्या वर किंवा खाली एक पॉइंट गेला, म्हणजे ०.१ टक्का हलला, की पैसे हलतात. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईच्या दृष्टीनं हा पॉइंट म्हणजे महिन्याचा किराणा.

अन्न तपासणीची प्रयोगशाळा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे दिवाळीच्या तोंडावरची धाड आणि जप्त झालेला खवा येतो. कोल्हापुरात या कामाचा फार मोठा भाग धाडीशी संबंधित नसतो. दूध, गूळ, तूप, मसाला रोज येत राहतं आणि कोणीतरी ते रोज त्याच पद्धतीनं, तितक्याच काळजीनं मोजत राहतं. अचूक मोजणं हीच इथली नोकरी आहे. ती किती कष्टाची आहे, हे बाहेर फारसं कोणाला ठाऊक नाही.

या शहराला दुधाची पारख मुळातच आहे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढतात आणि गिऱ्हाईक फेसाळ ग्लास तिथल्या तिथं रिकामा करतं. डोळ्यांदेखत धार पडत असेल तर पाणी घातलं का, हे विचारायचं कारणच उरत नाही. पण १९६३ साली जिल्ह्याचा सहकारी दूध संघ, म्हणजे आजचा 'गोकुळ', स्थापन झाला, वारणेच्या खोऱ्यातही सहकारी दूध संघ उभा राहिला आणि कोल्हापूरच्या म्हशीचं दूध मुंबईच्या दारात जाऊ लागलं. म्हैस आणि गिऱ्हाईक यांच्यात पावणेचारशे किलोमीटर आले. कट्ट्यावर जे काम डोळे करत होते, ते आता काचेच्या नळ्यांकडे आलं.

त्यातली सगळ्यात जुनी नळी गर्बरची. स्वित्झर्लंडच्या निकलाऊस गर्बर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली आणि आजही दुधाच्या फॅटबद्दल वाद झाला की बहुतेक वेळा निवाडा तिच्याकडेच जातो. ब्युटिरोमीटर नावाच्या जाड काचेच्या नळीत आधी १० मिलि सल्फ्युरिक आम्ल घालायचं, साधारण नव्वद टक्के तीव्रतेचं. त्यावर पिपेटनं १०.७५ मिलि दूध, नळीच्या कडेनं, अगदी हळू. घाई केली तर आम्लाला लागताच दूध करपतं आणि काळे कण रीडिंगच्या जागी येऊन बसतात. मग १ मिलि अमाइल अल्कोहोल, त्याचा उग्र, घशात बसणारा वास. बूच लावून नळी हलवली की आतलं सगळं तपकिरी होतं आणि काच इतकी तापते, की ती फडक्यात गुंडाळूनच धरावी लागते. पुढे मिनिटाला अकराशे फेऱ्यांनी सेंट्रिफ्यूज, मग ६५ अंशाच्या पाण्यात बुडवून ठेवणं. बाहेर काढल्यावर बारीक मानेत पिवळसर पारदर्शक फॅटचा खांब उभा असतो. नळी डोळ्याच्या रेषेत धरून वरच्या कडेच्या खोलगट भागाचा तळ वाचायचा. नजर थोडी खाली राहिली तरी एक पॉइंट इकडचा तिकडे होतो. म्हणून एकाच दुधाच्या दोन नळ्या लावतात आणि दोन्ही जुळल्या नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून.

गावातल्या संस्थेत आता इलेक्ट्रॉनिक मशीन आहेत, आकडा काही सेकंदांत पडद्यावर येतो. पण ती मशीन स्वतः बरोबर सांगतात की नाही, हे वेळोवेळी गर्बरशी ताडून पाहावं लागतं. पडद्यावरचा आकडा पाहून समाधानानं परतणाऱ्या शेतकऱ्याच्या मागे आम्लानं भोकं पडलेला एखादा अॅप्रन उभा असतो.

फॅट हा अर्धा हिशेब झाला. दुधाची घनता पाहणाऱ्या लॅक्टोमीटरला लोक 'डिग्री' म्हणतात, आणि निव्वळ डिग्रीवर विसंबणं किती धोक्याचं आहे ते प्रयोगशाळेत नव्यानं आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यातच शिकवतात. दुधात पाणी घातलं की डिग्री उतरते. पण साय काढून घेतली की ती चढते. म्हणजे साय काढायची, मग बेतानं पाणी घालायचं, डिग्री जागच्या जागी. नुसत्या पाण्यानं उतरलेली डिग्री मीठ, साखर किंवा युरियानं पुन्हा वर आणता येते. त्यामुळे प्रत्येक लबाडीसाठी वेगळी परीक्षा लागते : स्टार्चला आयोडीन, आंबट झालेलं दूध सोडा घालून लपवलं असेल तर रोझोलिक आम्लाचा गुलाबी रंग, युरियाला एका अभिकारकाचा पिवळा.

युरियाची परीक्षा मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी वाटते. युरिया चांगल्या दुधातही असतो. जनावराच्या पचनातून तो नैसर्गिकपणे उतरतो आणि कायद्यानं त्याला लिटरमागे साधारण ७०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिली आहे. त्यामुळे फिका पिवळा रंग प्रत्येक नळीत येतोच. प्रश्न असतो पिवळा किती, हा. शेजारी खात्रीच्या दुधाची नळी आणि माहीत असलेल्या प्रमाणाची नळी लावल्याशिवाय त्या रंगाला अर्थ नाही. कोरी नळी, तुलनेची नळी, दुहेरी नळी या सगळ्यांची बेरीज केली तर नमुन्यांपेक्षा त्यांचीच संख्या जास्त भरते. तो वेळ वाया गेला असं बाहेरून वाटतं. खरं म्हणजे एखाद्या निर्दोष माणसाचं दूध परत जाऊ नये, याची सोय त्या वेळात झालेली असते.

२००८ साली चीनमध्ये याच कामातली एक उणीव साऱ्या जगाला कळली. तिथं पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं. दुधातली प्रथिनं मोजायची रूढ पद्धत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधते. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, त्यामुळे आकडे उत्तम आले. सहा तान्ही मुलं दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली. जे शोधलंच नाही ते अहवालात दिसत नाही, ही जाणीव तेव्हापासून या पेशात खोल रुतली आहे.

दूध संघाच्या डॉकवर टँकर लागला की घड्याळ सुरू होतं. झाकण उघडल्यावर पहिली परीक्षा नाकाची, आणि तिला अजून कोणत्याही यंत्रानं पूर्ण मागे टाकलेलं नाही. मग तापमान, आम्लता, अल्कोहोल टाकून दूध फाटतं का, उकळून गाठी होतात का. काही मिनिटांत ठरवायचं असतं : आत घ्यायचं की परत पाठवायचं. बाहेर ड्रायव्हर खोळंबलेला, फोनवर कोणीतरी "मॅडम, जरा बघा की" म्हणत असतं. बी.एस्सी. होऊन दोन-तीन वर्षं झालेल्या मुलीला अशा वेळी "घेता येणार नाही" हे तीन शब्द लिहून खाली सही करावी लागते. रसायनशास्त्राच्या पुस्तकात हे कुठं शिकवत नाहीत.

पाश्चराइज झालेल्या दुधाची एक परीक्षा फार सुंदर आहे. कच्च्या दुधात फॉस्फेटेज नावाचं विकर असतं. क्षयाचे जंतू मरायला जेवढी उष्णता लागते, त्याहून किंचित जास्त उष्णतेत ते नष्ट होतं. ७२ अंशाला १५ सेकंद दूध नीट तापलं असेल तर हे विकर उरतच नाही. जंतू शोधत बसायला नको : विकर गेलं असेल तर जंतू गेले. निसर्गानं जणू दुधातच साक्षीदार ठेवला आहे.

तुपात असा साक्षीदार माणसांनी मुद्दाम ठेवला. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल असलंच पाहिजे, असा नियम आपल्याकडे केला गेला. साजूक तुपात वनस्पती मिसळलं तर तीळतेलही आपसूक येतं, आणि हायड्रोक्लोरिक आम्ल व फरफ्युरल घालून हलवलं की खालचा थर लालभडक होतो. भेसळ करणारेही पुढे हुशार झाले, वनस्पतीऐवजी दुसरी तेलं आणि चरबी आली. तेव्हा अपवर्तनांक पाहणारं बीआर रीडिंग आलं. त्यातून सुटणारी मिश्रणं निघाल्यावर वनस्पतीजन्य स्टेरॉल शोधणारी क्रोमॅटोग्राफीची यंत्रं आली. ही शर्यत चालूच आहे.

कोल्हापूर म्हटल्यावर गुळाकडे यावंच लागतं. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून, बोटांनी गोळी करून ओळखतो, की आता उतरवायचा. थर्मामीटर लावला तर तो ११८ अंशाच्या आसपास निघतो. गुळव्याचं बोट सहसा तिथंच थांबतं. पण पेठेत पिवळाधमक रवा जास्त भावानं जातो, आणि त्या पिवळेपणासाठी रसात हायड्रॉस नावाचं रंग उडवणारं रसायन पडतं. भेंडीच्या चिकानं मळी काढायची जुनी रीत आहे, कोल्हापूरचं ऊस व गूळ संशोधन केंद्र ती सांगत आलं आहे, पण गिऱ्हाईक रंगाला भुलतं. हायड्रॉसमुळे गुळात सल्फर डायऑक्साइड उरतं, आणि ते किलोमागे ७० मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. ते मोजायला गूळ आम्लात उकळायचा, सुटणारा वायू नायट्रोजनच्या प्रवाहानं दुसऱ्या भांड्यात न्यायचा आणि तिथं टायट्रेशन करायचं. एका मांडणीवर एका वेळी एकच नमुना, पावणेदोन तास. मनुष्य उठून जाऊ शकत नाही.

गुळात साखर घातली आहे का, हा याहून अवघड प्रश्न. साखर आणि गूळ दोन्ही एकाच उसातून आलेले, सुक्रोज दोन्हीकडे तेच. साखर पडली की सुक्रोजचं प्रमाण चढतं आणि उसाचे क्षार उतरतात, त्यामुळे राखेवरून, क्षारांवरून संशय घेता येतो. पण ऊस कोणत्या जातीचा, कोणत्या रानातला, किती पक्व यानंही हेच आकडे हलतात. अशा वेळी चांगला विश्लेषक आपल्या शंकेला पुराव्याचा दर्जा देत नाही. माझ्या मते या पेशातली सर्वांत मोठी कसोटी हीच : जेवढं मोजलं तेवढंच सांगायचं.

त्याचं कारण कायद्यातही आहे. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला आणि १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा इतिहासजमा झाला. आता अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो. एक विश्लेषकाकडे, बाकीचे राखून. व्यापाऱ्यानं मागणी केली तर एक भाग मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेतही जातो. अहवाल चौदा दिवसांत द्यायचा. तो पटला नाही तर राखलेला भाग संदर्भ प्रयोगशाळेत जातो. म्हणजे आज वहीत लिहिलेला आकडा उद्या दुसरा कोणी, दुसऱ्या गावात, त्याच डब्यातल्या भागावर पडताळून पाहणार. म्हणून वहीत खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख.

सूक्ष्मजीवांच्या खोलीत तर घाईला वावच नाही. १२१ अंशाला निर्जंतुक केलेलं माध्यम, ज्योतीजवळ उघडलेली ताटली, मग उबवणीपेटीत एक-दोन दिवस. वरिष्ठांनी कितीही विचारलं तरी जिवाणू आपल्या वेळेनंच वाढतात.

अलीकडे ज्या परीक्षेकडे मी सर्वांत आशेनं पाहते, ती अफ्लाटॉक्सिन एम-१ ची आहे. यात कोणाची लबाडी नसते. पावसाळ्यात सरकी पेंड किंवा मका ओलसर जागी राहिला, बुरशी धरली, म्हशीनं तो खाल्ला, की बुरशीचं विष रूप बदलून दुधात उतरतं. कायद्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम. दूध तापवून ते जात नाही, पाश्चरायझेशननंही जात नाही. पण खाद्य बदललं, की तीन-चार दिवसांत दुधातलं प्रमाण खाली येतं. इथं अहवालाचा खरा वाचक गोठ्यात आहे. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, भिंतीपासून लांब ठेवा, वास आलेली पेंड जनावरापुढे टाकू नका, एवढं प्रयोगशाळेतून संस्थेपर्यंत आणि संस्थेतून दावणीपर्यंत वेळेत पोचलं, तर पुढच्या आठवड्यातला नमुना पास होतो.