मुंबई ते कोलकाता : अंतर एक, वेळा दोन

अंधेरीच्या एखाद्या घरांतील मुलगा विमानानें कोलकात्यास निघतो, तेव्हां घरची मंडळी वेळापत्रक पुढें घेऊन बसतात. कांहीं महिन्यांत जाण्यास कमी वेळ आणि परतण्यास वीस-पंचवीस मिनिटें अधिक, असें त्यांत दिसतें. ही छपाईची चूक नव्हे. हा वाऱ्याचा हिशेब आहे.

या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारें १,६६० किलोमीटर आहे. नागपूरवरून जाणारा लोहमार्ग सुमारें १,९७० किलोमीटरांचा. कारण रुळांना डोंगर, नद्या आणि गांवें यांचा मान राखावा लागतो. विमानाचा स्वतःचा वेग ताशीं ८३० किलोमीटर धरला, तर वारा नसतां दोन तास लागतील. परंतु नाव प्रवाहांत चालते तसें विमान वाऱ्यांत चालतें. हिवाळ्यांत दहा-बारा किलोमीटर उंचीवर वारे पश्चिमेकडून जोरानें वाहतात. त्यांचा वेग ताशीं १०० किलोमीटर मानल्यास पूर्वेकडे जातांना एक तास ४७ मिनिटें आणि परततांना दोन तास १६ मिनिटें होतात. भर पावसाळ्यांत उंचावरील वारे पूर्वेकडून वाहूं लागले, कीं हाच नफा-तोटा उलटतो.

वेळापत्रकांतील वेळ याहूनहि मोठी असते, कारण ती विमान जागेवरून हललें तेव्हांपासून तें पुनः जागेवर थांबेपर्यंत मोजतात. मुंबईच्या दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदतात. त्या एकाच वेळीं स्वतंत्रपणें वापरतां येत नाहींत. म्हणून विमानांना जमिनीवर रांग लावावी लागते आणि कधीं आकाशांत घिरट्या घालाव्या लागतात. खालीं वाट पाहणारास हा केवळ उशीर. वैमानिकास तो इंधनाचा प्रश्न असतो. याकरितां मुक्कामापुरतें, तेथें उतरतां न आल्यास दुसऱ्या तळापुरतें आणि त्यावर आणखी अर्ध्या तासाचें इंधन बरोबर ठेवण्याचा नियम आहे.

हवेपुढें वेळापत्रकानें नमावें, हें या उपनगरांना जुनेंच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून पहांटे निघाले आणि अहमदाबादेस थांबून दुपारीं जुहूस उतरले. त्यांच्या 'पुस मॉथ' विमानाचा वेग ताशीं सुमारें १६० किलोमीटर होता. पुढें पावसाळ्यांत जुहूचें मैदान चिखलानें निरुपयोगी होई, तेव्हां टपालाचीं विमानें पुण्यास उतरत.

आज विमानें मोठीं झालीं, तरी बोरिवलीहून तळावर पोहोंचण्याचा वेळ कोणत्याच वेळापत्रकांत छापलेला नसतो; तो प्रवाशानें स्वतः मिळवावा. पाहुण्यास आणावयास जाणारानें मात्र छापील वेळेवर न विसंबतां विमान तेथून खरोखर केव्हां सुटलें, तें आधीं विचारावें. मग घरचें घड्याळ आणि आकाशांतील वारा यांचें भांडण पुष्कळसें मिटतें.